चारशे वीस आणि चारसोबीस

बेळगावातील एका देवस्थानची वार्षिक सभा २०२४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस भरली होती. ताळेबंदाचे वाचन चालू असता एक वृद्ध सभासद उठून उभे राहिले. निपाणीस तंबाखूच्या व्यापारात त्यांचा सारा जन्म गेला. उतारवयात ते मुलाकडे बेळगावी राहावयास आले आहेत. आम्ही सारे त्यांस 'माम' म्हणतो. सभामंडपाच्या डागडुजीवर झालेला एक खर्च त्यांच्या मनास पटेना. खजिनदारांनी खुलासा केला, तो मामांच्या कानी नीट पडला नसावा. त्यांनी हात उगारला आणि कोंकणीतच "हो चारसोबीस!" असे उद्गार काढले.

सभा जागच्या जागी थिजली. खजिनदार हे बँकेतून सेवानिवृत्त झालेले सद्गृहस्थ. देवाच्या पैशाचा जमाखर्च ते पैपर्यंत जुळवून ठेवतात. ते उठले, परंतु तोंडून शब्द फुटेना. हातातील कागद तेवढे थरथरत होते. त्याच वेळी मागच्या रांगेत बसलेल्या कॉलेजातील चार-पाच मुलांना हसू आवरेना. प्रसाद घेताना आम्ही त्यांतील एकास हसण्याचे कारण विचारले. बरेच आढेवेढे घेऊन तो म्हणाला, "काका, मोबाईलवर त्या नंबरचा अर्थ वेगळा आहे. गांजा." राहिलो आम्ही. वकिलीच्या सवयीने आमच्या मनात तिसरेच आले होते. ज्या कलमामुळे हा आकडा शिवी झाला ते कलम दोन-तीन महिन्यांपूर्वीच, १ जुलै २०२४ रोजी, कायद्याच्या पुस्तकातून गेले होते. मामांच्या लेखी जो घोर आरोप, तो मुलांच्या लेखी विनोद आणि आमच्या लेखी रद्द झालेली तरतूद. कवितेची आणि नाटकाची परीक्षा होते, तशी कधी एखाद्या शब्दाचीही व्हावी असे आम्हांस त्या दिवशी वाटले.

भारतीय दंड विधान १८६० साली संमत झाले आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आले. त्याचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ सालीच सिद्ध केला होता. त्या विधानाच्या ४१५ व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितले होते. आणि फसवून माल वा पैसा काढून घेणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावास व दंड देणारे कलम ४२०. चोरीच्या शिक्षेचे कलम ३७९ होते, पण चोरास कोणी 'तीनशे एकोणऐंशी' म्हटल्याचे ऐकिवात नाही. चोराला चोर हा शब्द पुरेसा होता. फसवणाऱ्यालाही शब्द होते : ठक, लफंगा, भामटा. मग हा आकडा लोकांनी का उचलला? आमची उपपत्ती अशी की जुने शब्द या नव्या गुन्हेगाराच्या मापाचे नव्हते. यातील 'भामटा' हे तर एका जमातीचे नाव. इंग्रजांनी जिच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला अशा गरीब जमातीचे. अशा शब्दाने खांद्यावर पडशी टाकलेला, बाजारात खिसे कापणारा माणूस डोळ्यांपुढे येई. नवा ठक मात्र कोट-टोपी घालून येई, स्टँप-कागदावर सही करी आणि सावकाराच्या गादीवर मांडीला मांडी लावून बसे. त्याला नाव हवे होते, ते कोर्टाच्या दारातून आले. आकड्याला जात नसते, हा या शब्दाचा मोठा गुण आम्ही मानतो.

दुसरे एक नवल असे की मोजताना आम्ही 'चारशे वीस' म्हणतो आणि शिवी देताना 'चारसोबीस'. निपाणीच्या वखारीत चारशे वीस किलोंचा काटा झाला तर हमाल तो आकडा खुशाल मोठ्याने पुकारतो. कोणाच्याही कपाळास आठी पडत नाही. तोच आकडा हिंदीचा अंगरखा घालून आला की मारामारी होते. कानडी बोलणारे आमचे शेजारी त्यासाठी इंग्रजी 'फोर ट्वेंटी' योजतात. आपल्या घरची संख्या जणू कोणालाच विटाळावयाची नव्हती. वाईट अर्थासाठी परक्या भाषेतील उच्चार उसना आणला गेला. इतकी सूक्ष्म सोय कोणत्याही कोशकाराने केली नसती, ती बोलणाऱ्यांनी केली.

आकड्यांशी असे खेळणे आपणांस नवे नाही. दोघांचे पटेनासे झाले की त्यांच्यात छत्तीसचा आकडा असतो, कारण आपल्या लिपीत तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून उभे राहतात. 'साडेतीन शहाणे' म्हटले की सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर हे तीन पुरे आणि नाना फडणीस अर्धा, असा पेशवाईचा सारा फड उभा राहतो. 'पाचावर धारण बसली' यातील पाच म्हणजे रुपयास पाच शेर धान्य, ही महागाईची भीती, असे जुनी माणसे सांगत. एक आकडा लिपीतून आला, एक दरबारातून, एक बाजारातून. चारसोबीस कायद्याच्या पुस्तकातून आला, आणि कायद्याच्या पुस्तकातून आलेल्या शब्दाकडून आम्ही थोडी अधिक काटेकोरपणाची अपेक्षा करतो. ती तो पुरी करीत नाही, हीच आमची तक्रार.

या ढिलाईला एका चांगल्या चित्रपटाने हातभार लावला, असे म्हटल्यास रसिकांचा रोष होईल. राज कपूर यांचा 'श्री ४२०' १९५५ साली पडद्यावर आला. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची; पटकथेत त्यांच्याबरोबर व्ही. पी. साठे यांचा हात होता. अलाहाबादहून मुंबईस आलेला पदवीधर तरुण प्रामाणिकपणाबद्दल मिळालेले पदक गहाण टाकतो, येथून त्याची घसरण सुरू होते. चित्रपटाची खरी शक्ती मात्र नायकात नसून सेठ सोनाचंद धर्मानंद या पात्रात आहे. नावातच सोने आणि धर्म एकत्र नांदविणारा हा गृहस्थ शंभर रुपयांत घर देण्याच्या योजनेने फुटपाथवरील गरिबांची पुंजी गोळा करतो. शीर्षकातील 'श्री' हे दोन अर्थांचे अक्षर फार मार्मिक आहे : आदराचेही आणि लक्ष्मीचेही. प्रतिष्ठितांच्या नावामागे लागणारे 'श्री' त्या आकड्याला लावून लेखकांनी जो टोला हाणला, तो सत्तर वर्षांनंतरही बोथट झालेला नाही.

पण लोकांनी घरी काय नेले? सेठ कोणाच्या लक्षात राहिला नाही. लक्षात राहिला तो फाटक्या बुटाचा, भाबड्या डोळ्यांचा, सर्वांस हवाहवासा वाटणारा राज. तेव्हापासून 'चारसोबीस' या शब्दाला एक लडिवाळपणा चिकटला. खोड्या करणाऱ्या नातवास आजी चारसोबीस म्हणू लागली. १९९७ साली कमल हासन यांच्या 'चाची ४२०' मध्ये तर तो आकडा निव्वळ वेषांतराच्या गमतीचे लेबल होऊन बसला. म्हणजे एकीकडे शब्द इतका सैल की लाडाने वापरावा आणि दुसरीकडे इतका जहाल की भर सभेत एका वृद्ध माणसाचे पाय लटपटावेत. या दोन टोकांच्या मध्ये कायद्याने काय म्हटले होते, ते मात्र कोणासच आठवत नाही.

ते आम्ही सांगतो. ४१५ व्या कलमाखाली काही दृष्टान्त दिले होते. त्यांतील एक निळीच्या पिकाचा आहे. एकाने दुसऱ्यास अमुक इतकी नीळ देतो असे सांगून आगाऊ पैसे घेतले. पैसे घेतानाच त्याच्या मनात नीळ द्यावयाची नव्हती, तर ती फसवणूक. परंतु घेताना देण्याचा इरादा खरा होता आणि पुढे काही कारणाने वचन मोडले, तर ती फसवणूक नव्हे. त्याबद्दल फार तर दिवाणी दावा करावा. सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा यांच्या २००० सालच्या निकालात हेच पुन्हा सांगितले : खोटेपणा प्रारंभापासून हवा. एका ओळीचा हा विवेक आहे, पण कर्ज बुडवणारा आणि कर्जात बुडालेला यांच्यातील सारे अंतर त्यात मावते.

निळीच्या जागी तंबाखू ठेवा, म्हणजे दृष्टान्त निपाणीचा होतो. सभेनंतर आठवड्याभराने माम आमच्याकडे आले आणि त्यांनी आपण होऊन एक जुनी हकीकत सांगितली. त्यांच्या वडिलांनी एका खरेदीदारास तंबाखूचे बोद उधारीवर दिले होते. शब्दावर व्यवहार, चिठ्ठीपलीकडे कागद नाही. पुढे भाव कोसळला, खरेदीदार बसला, पैसे आले नाहीत. वडील मरेपर्यंत त्या माणसास चारसोबीस म्हणत राहिले. पेठेत ते नाव इतके रुळले की त्याच्या मुलांना शाळेत 'चारसोबीसची पोरं' म्हणून हाका मारीत. थोरल्या मुलीचे ठरत आलेले लग्नही त्यावरूनच मोडले. पुष्कळ वर्षांनी त्यांतील एक मुलगा मामांच्या वखारीत आला आणि मुद्दलाची जवळजवळ निम्मी रक्कम त्यांच्यापुढे ठेवून गेला. "बाबांची वही होती, तीत तुमचं नाव पहिलं होतं," एवढेच तो बोलला. माम आम्हांस विचारीत होते, "वकीलसाहेब, कायद्यानं तो माणूस चारसोबीस होता का हो?" आम्ही निळीचा दृष्टान्त सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

उधारी आणि शब्द यांवरच ज्या पेठा उभ्या राहिल्या, तेथे हा आकडा किती लोकांच्या दारावर अन्यायाने लिहिला गेला असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी मोठे आंदोलन केले. त्या काळाबद्दल बोलताना जुने शेतकरी व्यापाऱ्यांस सरसकट याच शब्दाने संबोधतात, आणि व्यापारीही शेतकऱ्यांस सोडीत नाहीत. त्यांत खरे किती आणि रागाचे किती, हे आम्ही येथे बसून सांगू शकत नाही.

आता खजिनदारांविषयी. देवस्थानचा पैसा त्यांच्याकडे सभेनेच विश्वासाने सोपवलेला. समजा, देव न करो, त्यांनी तो खाल्ला असता, तरीही तो गुन्हा फसवणुकीचा झाला नसता. विश्वासघाताचा झाला असता. त्याचे कलम निराळे. दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्येच बजावले की एकाच वस्तुस्थितीवर हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत. सारांश, आमचे खजिनदार दोषी असते तरी चारसोबीस नव्हते! उलट, भर सभेत तसे म्हणणाऱ्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद होऊ शकते. नव्या संहितेत तिची शिक्षा म्हणून समाजसेवाही सांगितली आहे. मामांनी वर्षभर देवळाचे अंगण झाडले असते, इतकेच. ते ती सेवा आनंदाने करते.

मुलांच्या हसण्याकडे वळू. त्यांचा ४२० समुद्रापलीकडून आला आहे, आणि तो संख्या नसून घड्याळातील वेळ आहे : चार वाजून वीस मिनिटे. १९७१ साली कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथील शाळेत शिकणारी पाच मुले दुपारी त्या वेळी लुई पाश्चरच्या पुतळ्यापाशी जमत आणि कोणीतरी सोडून दिलेल्या गांजाच्या रोपांच्या शोधात निघत. रोपे काही सापडली नाहीत. परवलीचा शब्द तेवढा राहिला. एका संगीत-मेळ्याच्या भक्तमंडळींनी तो गावोगाव नेला, १९९१ साली 'हाय टाइम्स' या मासिकात तो छापून आला आणि पुढे इंटरनेटने जगभर पेरला. आता २० एप्रिलला परदेशी त्याचा सण होतो. कोलोरॅडोत तर महामार्गावरील ४२० वा मैलाचा फलक वारंवार चोरीस जाऊ लागल्याने अधिकाऱ्यांनी तेथे '४१९.९९' असा फलक लावला.

या आकड्याभोवती ज्या कथा विणल्या गेल्या आहेत त्या मात्र आम्हांस अगदीच सुमार वाटल्या. म्हणे, हा अमेरिकी पोलिसांचा गांजासाठीचा संकेतांक आहे. म्हणे, गांजात ४२० रसायने असतात. दोन्ही खोटे. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील ४२० वे कलम सरकारी जमिनीवर जाण्यास अटकाव करण्याविषयी आहे. पण पोलिसांच्या संकेतांकाची ही थाप मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. निरर्थक आकड्याला वजन यावे म्हणून तिकडच्या लोकांनी त्याला खोटे कलम चिकटवले. आपल्याकडे उलटे घडले : कलम खरे होते, अर्थ पातळ झाला.

अशा आख्यायिकांचे खापर केवळ इंटरनेटवर फोडू नये. मारवाडी पेढ्यांच्या पत्रांवर पूर्वी ७४॥ हा आकडा घालीत. पत्र दुसऱ्याने फोडल्यास त्याला चितोडच्या संहाराचे पाप लागेल, असा त्याचा अर्थ. कारण तेथे पडलेल्या वीरांची जानवी साडेचौऱ्याहत्तर मण भरली होती म्हणे. कर्नल टॉडने ही कथा लिहून ठेवली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. इतक्या जानव्यांचे वजन करीत कोण बसले होते, हे कोणी विचारले नाही. तरी त्या कथेत शपथेचे गांभीर्य आहे, परक्याच्या पत्राविषयीचा धाक आहे. चार-वीसच्या कथेत शाळा सुटल्यानंतरचा कंटाळा आहे. आमच्या मुलांना ती गोष्ट ठाऊक असली तर असो. मात्र गांजा बाळगणे हा आपल्याकडे १९८५ च्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्यात विनोदाला सवलत नाही, एवढे वकील या नात्याने सांगणे भाग आहे.

हे दोन ४२० एकदाच समोरासमोर आले. ऑगस्ट २०१८ मध्ये इलॉन मस्क यांनी टेस्ला कंपनी समभागास ४२० डॉलर देऊन खाजगी करण्याचा आपला विचार असून पैशाची तजवीज झाली आहे, असे जाहीर केले. तिकडच्या रोखे-नियामकांनी त्यांच्यावर फसवणुकीचा दावा गुदरला. दाव्यात म्हटले होते की वीस टक्के अधिमूल्य धरून आकडा ४१९ येत होता. गांजाच्या संकेताची गंमत म्हणून तो ४२० केला गेला. आरोप मान्य वा अमान्य न करता मस्क यांनी आणि कंपनीने प्रत्येकी दोन कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. पुढे गुंतवणूकदारांनी लावलेल्या वेगळ्या दाव्यात २०२३ साली ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. आम्हांस नवल वाटले ते निराळेच. ४१९ हे नायजेरियाच्या फौजदारी संहितेतील फसवणुकीचे कलम. तेथे ठकास 'फोर-वन-नाइन' म्हणतात, अगदी आपल्या चारसोबीसच्या चालीवर. त्या गृहस्थांनी एकाने आकडा वाढवला नसता, तरी कोठल्या ना कोठल्या देशात लोक हसलेच असते.

आपल्या चारसोबीसचे मात्र आता छत्र हरपले आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यापूर्वीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या कलमाखालीच चालतील, म्हणून कोर्टात ४२० चा पुकारा अजून काही वर्षे ऐकू येईल. नव्या संहितेत फसवणूक आहे ती कलम ३१८ च्या चौथ्या पोटकलमात. शिक्षा तीच, निळीचा दृष्टान्तही तोच. परंतु संहितेची कलमेच मुळी ३५८, म्हणजे ४२० वे कलम त्यात असणेच शक्य नाही. इतर आकड्यांची दशा याहून विचित्र झाली आहे. खुनाचे 'तीनशे दोन' आता १०३ झाले. आणि नव्या संहितेत ३०२ क्रमांकाखाली काय सापडते, तर कोणाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे. जमावबंदीचे १४४ कलम आम्हा सीमाभागातील लोकांस पाढ्याप्रमाणे पाठ. १ नोव्हेंबर जवळ आला की 'एकशे चव्वेचाळीस लागलं' हे वाक्य बेळगावात पोरासोरांच्या तोंडी असे. आता जमावबंदी कलम १६३ ने होते. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम बायकामुलांच्या व आईबापांच्या पोटगीचे आहे. सवयीने कोणी 'गावात एकशे चव्वेचाळीस लागलं' म्हणाला, तर साऱ्या गावाने बायकोस पोटगी द्यावी असा त्याचा अर्थ व्हावयाचा!

मग 'चारसोबीस' मरेल काय? 'तीनशे अठरा-चार' अशी शिवी कोणाच्या जिभेवर बसेल असे आम्हांस वाटत नाही. ती उच्चारीपर्यंत ठक वेशीबाहेर गेलेला असेल. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आणे गेले. तरी सोळा आणे खरे बोलणारी माणसे आपण अजून शोधतोच. आमच्या भागात तर काही आकडे कायद्याच्या पुस्तकात कधीच नव्हते, तरी ते जिवंत आहेत. १९५६ किंवा ८६५ एवढेच म्हटले की बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी माणसास पुढचे वाक्य सांगावे लागत नाही. चारसोबीसही असाच राहील. फक्त त्याच्यामागे निळीचा तो दृष्टान्त सांगणारे कलम नसेल. पूर्वी शिवी खाणारा निदान म्हणू शके, "पुस्तक उघडा आणि दाखवा." आता पुस्तकात तो आकडा सापडावयाचा नाही, आणि शिवी देणाऱ्यास पुराव्याची गरज पूर्वीही वाटत नव्हती.

सभेचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. सुताराचे बिल दोन हप्त्यांत दिले होते आणि दुसरा हप्ता चुकून रंगकामाच्या खात्यास पडला होता. मामांची शंका तेवढ्यापुरती रास्त होती. पुढच्या बैठकीत ते स्वतः खजिनदारांजवळ गेले आणि "चुकलं हां माझं" म्हणून त्यांनी त्यांचे हात धरले. खजिनदारांनी 'तो शब्द व तो मागे घेतल्याचे' इतिवृत्तात नोंदवावे, असा हट्ट धरला. चिटणिसांनी आम्हांस विचारले, "शब्द अक्षरांत लिहावा की अंकांत?" आम्ही अक्षरांत लिहा असे सांगितले होते. त्यांनी जागा वाचवण्यासाठी अंकांत लिहिले : 'सभासदांनी खजिनदारांस उद्देशून काढलेले ४२० मागे घेतले.' २०२५ साली हिशेबतपासनीस आले, त्यांनी इतिवृत्त वाचले आणि शेऱ्यात विचारणा केली की सदरहू सभासदाने देवस्थानातून काढलेले ४२० रुपये कोणत्या खात्यातून काढले होते आणि त्याची पावती कोठे आहे.